पाण्याखालचा रंग

बेसा, नागपूर

चि. मनू,

महालक्ष्म्यांना तू येणार नाहीस हे कळलं. बोट यार्डात वर काढली आहे आणि ती परत पाण्यात उतरेपर्यंत सुट्टी मागणार नाही म्हणतेस. बरं, आंबिल आणि सोळा भाज्या तुझ्याशिवाय होतील. पण फोटोतली एक गोष्ट खटकली, ती आधी बोलून घेते. बोटीचं बूड घासताना तोंडाला नुसती ओढणी? बुडाच्या त्या रंगात तांब्याचं संयुग असतं, आणि ते विष म्हणूनच घातलेलं असतं, हे मला कोणी शिकवलं? ओलं करून घासायचं, फिल्टरचा मास्क लावायचा, हेही तूच सांगून राहिली होतीस ना? मग स्वतःच्या फुफ्फुसांवर एवढा राग का गं?

मनीषनगरची मावशी विचारते, पोरगी शिडाच्या बोटीवर जाते, मग महिनाभर जमिनीवर काय करते? मी तिला अंबाझरी तलावापासून सांगायला घेते. एनसीसीच्या नेव्हल युनिटची तुमची बोट काठावर ओढली की शेवाळ नि चिखल पुसला, झालं. बुडाला चिकटणारे ते कवचाचे जीव, बार्नेकल, गोड्या पाण्यात नसतात. समुद्रात त्यांची पिल्लं तरंगत येतात, जागा पसंत पडली की डोक्याच्या बाजूने चिकटतात आणि मग जन्मभर हलत नाहीत. डार्विनने आठ वर्षं याच जिवांमध्ये घातली हे तू सांगितलंस, तेव्हा बाबा जेवता जेवता थांबले होते. आठवतं?

मला मात्र लक्षात राहिला तो फिनलंडचा टॅपिओ लेहतिनेन. 2018 च्या गोल्डन ग्लोब या शिडाच्या बोटीतून एकट्याने जग फिरण्याच्या शर्यतीत आपल्या अभिलाष टॉमीची डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. त्या बातम्यांत आपण सगळे बुडालो होतो. त्याच शर्यतीत लेहतिनेनच्या बोटीचं बूड बार्नेकलनी भरून गेलं. पहिला आलेला 212 दिवसांत पोचला, हा 322 दिवसांनी. शीड शाबूत, माणूस शाबूत, वारा तोच. पाण्याखाली चिकटलेल्या त्या जिवांनी माणसाला केवढं मागे ओढलं! म्हणून तुझ्या महिनाभराला कोणी 'नुसती रंगरंगोटी' म्हटलं की मला सहन होत नाही.

आणि हा रंग झिजण्यासाठीच लावतात, हे तर मला फारच आवडलं. थर हळूहळू विरघळतो आणि त्याच्याबरोबर चिकटू पाहणाराही सुटतो. पण सुटून जातो कुठे, मनू? पूर्वीच्या रंगांतल्या टीबीटी नावाच्या विषाने फ्रान्समध्ये आर्काशाँच्या उपसागरातल्या कालवांचे शिंपले वेडेवाकडे केले. तिथे 1982 मध्ये लहान बोटींवर त्याला बंदी आली, जगभरची बंदी लागू व्हायला 2008 उजाडलं. तांबंही काही निरागस नाही. खरवडलेला चुरा ताडपत्रीवर गोळा कर, यार्डाजवळच्या मांडवी नदीत जाऊ देऊ नकोस. तिथली कालवं कोणाच्या तरी ताटात येतात.

विजयदुर्गाहून आपण गिर्येला गेलो होतो, वाघोटण खाडीकाठी, मराठा आरमाराची ती गोदी पाहायला. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरडं पडायचं. सगळे किल्ल्याचे फोटो काढत होते आणि तू गोदीच्या चिखलात पाय रोवून उभी होतीस, निघायलाच तयार नव्हतीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं की तुझा जीव लढायांपेक्षा डागडुजीत रमतो. या घरात तुझ्या हातांसारखे चिवट हात दुसऱ्या कोणाचे नाहीत.

बोट ज्या टेकूंवर उभी आहे, त्यांच्याखालचे चौकोन शेवटी रंगवायचे राहतात म्हणालीस. ते घाईत उरकू नकोस. सुकाणूजवळचा जस्ताचा तुकडा नवा लावला का? त्याला रंग लागू देऊ नकोस. तो आधी गंजतो म्हणून बाकीचा धातू वाचतो, असं तूच म्हणाली होतीस. आणि कोणत्या भरतीला उतरवणार ते आधी कळव. बाबांना त्या वेळी व्हिडिओ कॉल हवा आहे, आणि मावशीलाही बोलावणार आहे.

तुझी,
आई