ताबा आणि पोटगी

‘ताबा’ हा शब्द मला ठाऊक होता तो घराच्या खरेदीखतामुळें. सदर मिळकतीचा ताबा घेणाराला दिला आहे, असें त्यांत लिहिलेलें असतें, आणि तें वाचतांना घेणाराला धन्यता वाटते. तोच शब्द एका चार वर्षांच्या मुलाला लागलेला पाहण्याचा योग माझ्या मुलीच्या घटस्फोटाच्या वेळीं आला. वकिलांनीं केलेल्या मसुद्यांत पहिल्या पानावर पतिपत्नींचीं नांवें होतीं, दुसऱ्यावर दागिने आणि भांडीं, व तिसऱ्यावर ‘अज्ञान मुलाचा ताबा’. भाषेनें माझ्या नातवाला थेट कपाटाशेजारीं नेऊन बसविलें होतें!

घटस्फोट हा विषय आपल्या घरांतून अजून हलक्या आवाजांतच निघतो. वास्तविक तो कांहीं कालपरवांचा नव्हे. बडोदें संस्थानानें हिंदूंसाठीं घटस्फोटाचा कायदा १९३१ सालीं केला. मुंबई प्रांतांत तसा कायदा १९४७ सालीं झाला. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें ही वाट बहुतेक देशभर मोकळी केली. आणि १९७६ सालीं परस्परसंमतीची तरतूद आल्यावर, निदान वर्षभर वेगळ्या राहिलेल्या जोडप्याला एकमेकांचीं उणींदुणीं चव्हाट्यावर न मांडतां विभक्त होणें शक्य झालें. माझ्या मुलीनें हाच मार्ग धरला. परंतु हुकूमनाम्यानें संपतें तें पतिपत्नींचें नातें. आईबापपण मागें उरतेंच.

त्या दिवसांत मुलांविषयींचा कायदा मीं मन लावून वाचला. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्यांत नैसर्गिक पालक म्हणून आधीं बाप व ‘त्याच्या नंतर’ आई असा क्रम आहे. मात्र पांच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावें, असेंहि तेथेंच म्हटलें आहे. त्या एका ‘नंतर’नें आयांना पुष्कळ अडविलें. लेखिका गीता हरिहरन ह्यांनीं मुलाच्या नांवें रोखे घेण्यासाठीं केलेला अर्ज रिझर्व्ह बँकेनें बापाची सही किंवा पालकत्वाचा दाखला मागून परत केला, तेव्हां तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १९९९ सालीं न्यायालयानें सांगितलें कीं, ‘नंतर’ म्हणजे मृत्यूनंतरच असें नव्हे. बाप मुलाकडे पाहत नसेल तर त्याच्या हयातींतहि आई पालक होऊं शकते. ह्या साऱ्याच्या वर त्या कायद्याचें तेरावें कलम आहे: मुलाचें हित सर्वांत मोठें, आईबापांचे हक्क त्याच्या मागून. शिवाय ताब्याचा हुकूम परिस्थिति पालटली कीं बदलून मागतां येतो. घराचा ताबा एकदां दिला कीं दिला. मुलाच्या ताब्याला तसा कायमपणा नाहीं. तेव्हां शब्द मिळकतीचा असला तरी आंतला अर्थ सांभाळाचा आहे, आणि ‘सांभाळ’ हाच शब्द तेथें असता तर कित्येक घरांतील भांडणें थोडीं सौम्य झालीं असतीं, असें मला वाटतें.

ह्या गोष्टीची खरी कसोटी आमच्या घरीं लागली ती पोटगीच्या प्रश्नावर. ठरलेली रक्कम चार महिने आली नाहीं. दर दुसऱ्या शनिवारीं नातवाला बापाकडे पोंचविण्याचें काम माझ्याकडे होतें. माझे धाकटे बंधु संतापले. ‘पैसे येईपर्यंत पोराला पाठवूं नकोस, म्हणजे आपोआप शुद्धीवर येईल,’ असें त्यांनीं पुतणीला बजाविलें. ती शांतपणें म्हणाली, ‘काका, पैसे बाळाचे आहेत आणि बापहि बाळाचाच आहे. पैसे मिळत नाहींत म्हणून त्याचा बाप मीं कां तोडावा?’

विचार करितां कायद्याचें म्हणणेंहि हेंच आहे. १९५६ च्या दत्तक व पोषण कायद्यानें अज्ञान मुलांच्या पोषणाचा भार आई व बाप ह्या दोघांवरहि ठेविला आहे. धर्म कोणताहि असो, मुलासाठीं पोटगी मागण्याची सोय फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांतहि आहे; १९७३ च्या संहितेंतील १२५ वें कलम १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेंत १४४ वें झालें. एके काळीं तेथें महिना ५०० रुपयांची मर्यादा होती. ती २००१ सालीं उठली. दोन्ही पक्षांनीं आपलें उत्पन्न व मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर उघड करावी, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरवून दिलें. थकलेल्या पैशासाठीं वसुलीचा अर्ज आहे. भेट नाकारली तर भेटीसाठीं निराळा अर्ज आहे. ‘मूल दाखवीत नाहींत, मग पैसे कशाला?’ म्हणणारा बाप आणि ‘पैसे देत नाहीं, मग मूल कशाला?’ म्हणणारी आई, हीं दोघेंहि तिसऱ्याच्या मालकीच्या वस्तूंचा सौदा करीत असतात. आणि तो तिसरा अज्ञान असल्यामुळें त्याला हरकतहि घेतां येत नाहीं.

मुलीनें वसुलीचा अर्ज दिला आणि शनिवारच्या फेऱ्या चालूच ठेविल्या. त्या काळांत नातवाला घेऊन जातांना माझें पाऊल जड होई. ज्याच्याविरुद्ध सकाळीं वकिलाकडे कागद दिले, त्याच्याच दारीं संध्याकाळीं हंसतमुखानें उभें राहणें सोपें नसतें. पण दार उघडतांच पोर माझें बोट सोडून आंत धांवे, आणि मी जिना उतरूं लागें. थकबाकी पुढें हप्त्याहप्त्यानें आली. न्यायालय वार, वेळ आणि रक्कम ठरवूं शकतें. मुलाच्या देखत बापाविषयीं काय बोलावें व काय गिळावें, हें घरांतल्या माणसांनींच ठरवावयाचें असतें. आमच्या घरीं तें माझ्या मुलीनें ठरविलें. नातू आतां सात वर्षांचा आहे. आपलीं घरें दोन आहेत, असें तो शाळेंत सांगतो, आणि सांगतांना त्याचा आवाज मुळींच हलका होत नाहीं.