बसची पडवी

रेमों क्नोच्या 'एक्झेर्सिस द स्तील'मधले काही तुकडे मराठीत करायला घेतले आणि एका साध्या नामापाशी अडकले. १९४७ साली आलेल्या या पुस्तकातली गोष्ट एवढीशी आहे. पॅरिसच्या 'एस' बसमध्ये गर्दीच्या वेळी लांब मानेचा एक तरुण, पाय तुडवला म्हणून शेजाऱ्याशी हुज्जत घालतो आणि जागा रिकामी होताच तिकडे धावतो. दोन तासांनी सँ-लाझार स्टेशनसमोर तो पुन्हा दिसतो. मित्र त्याला ओव्हरकोटाच्या बटणाबद्दल सल्ला देत असतो. हीच गोष्ट नव्याण्णव तऱ्हांनी सांगितली आहे. त्या तऱ्हांची मला धास्ती नव्हती. अडवलं ते 'प्लातफोर्म' या शब्दानं. ते भांडण होतं बसच्या मागच्या प्लातफोर्मवर.

मराठीत प्लॅटफॉर्म म्हणजे रेल्वेचा फलाट. फुटबोर्ड म्हणावं, तर त्यावर जेमतेम पाऊल मावतं. शेवटी शब्दकोश बाजूला ठेवून मी ती बसच शोधायला लागले.

ती रेनो कंपनीची 'टीएन' मालिका. १९३०च्या दशकात या गाड्या पॅरिसच्या रस्त्यांवर आल्या. टीएन-६ ला सहा सिलिंडरचं इंजिन, टीएन-४ ला चार. रंग हिरवा आणि मलईसारखा. पुढे इंजिनाचं लांब नाक, मधे बाकं, आणि मागे छप्पर असलेली पण उघडी, कठड्याची जागा. चढण्या-उतरण्याची वाट तिथूनच. कंडक्टर साखळी ओढून ड्रायव्हरला इशारा द्यायचा. सिगारेट ओढणारे, गप्पा मारणारे, आत बसायचा कंटाळा असलेले सगळे तिथे उभे असत. स्टॉपवर नंबराच्या चिठ्ठ्या मिळत. गर्दी असली की ज्याचा नंबर आधी, तो आधी चढे.

हे वाचताना मला दोन जागा आठवल्या. एक, लहानपणीच्या मुंबईतल्या बेस्टच्या डबलडेकरचा मागचा भाग. जिन्याखालची ती उघडी जागा, कंडक्टरची घंटी, आणि 'आत सरका, आत सरका' ऐकूनही तिथेच रेंगाळणारी माणसं. दुसरी, रत्नागिरीकडच्या आजीच्या घराची पडवी. ना धड घर, ना धड अंगण. छप्पर आहे पण भिंत नाही. वारा आहे पण पाऊस नाही. मला शब्द सापडला. 'बसच्या मागच्या पडवीत उभा असलेला तरुण' असं लिहिलं आणि आठवडाभर खुशीत होते.

मग या गाड्यांची माहिती वाचता वाचता एक छायाचित्र समोर आलं. पॅरिसच्या 'व्हेल दिव' सायकल-स्टेडियमच्या बाहेर त्याच बसगाड्या रांगेत उभ्या आहेत. १६ आणि १७ जुलै १९४२ या दोन दिवसांत फ्रेंच पोलिसांनी पॅरिस आणि आसपासच्या भागातून तेरा हजारांहून अधिक ज्यूंना पकडलं. त्यांत चार हजारांवर मुलं होती. मुलाबाळांच्या कुटुंबांना या स्टेडियममध्ये नेलं, बाकीच्यांना द्रांसीच्या छावणीत. त्यासाठी शहराच्या वाहतूक कंपनीच्या पन्नासेक बसगाड्या लावल्या होत्या. चालवायला रोजचेच ड्रायव्हर. चढायची वाटही तीच, मागची.

क्नोनं या पुस्तकातले पहिले बारा तुकडे १९४२च्या मे महिन्यात लिहिले होते. म्हणजे कागदावर पाय तुडवल्यावरून भांडण चाललं होतं आणि दोनच महिन्यांनी त्याच मालिकेतल्या गाड्यांत माणसं कोंबली जात होती. पुस्तकात याचा मागमूस नाही, आणि तो असायलाच हवा असंही नाही. पण माझी 'पडवी' मला अचानक फार लाडिक वाटायला लागली. शब्द खोडला. 'मागचा कठडा' लिहिलं, 'मागची मोकळी जागा' लिहिलं. वाक्यं पांगळी झाली.

फोनवर आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पडवी काय सगळ्यांची होती का?" आणि मला आजीचं घर पुन्हा, जरा नीट दिसलं. पडवीतल्या झोपाळ्यावर आम्ही बसायचो, खरं. पण काही माणसांचं घरात येणं पडवीतच थांबायचं, आणि काहींचं तर अंगणातच. त्यांना पाणी वरून ओतलं जायचं. कोण कुठवर येणार, हे त्या घरात कुणी मोठ्यानं सांगत नसे. सगळ्यांना ठाऊकच असे. माझा शब्द लाडिक नव्हता. मीच त्याच्याकडे लाडानं बघत होते.

टीएन गाड्या १९७१पर्यंत धावल्या. १९६०च्या दशकात ठरवलेल्या 'स्टँडर्ड' बसच्या मालिकेतून साव्हिएमची एससी-१० आली होती: बंद पाठ, समोर मोठी काच, आणि पुढे कंडक्टरही गेला. लोक हळहळले, तेव्हा काही एससी-१० गाड्यांना मागे पुन्हा उघडी जागा जोडली गेली. १९८०च्या दशकात रेनोची आर-३१२ आली. ३ दरवाजे आणि १२ मीटर लांबी म्हणून हे नाव. १९९०च्या दशकात 'आगोरा' आली, सपाट तळाची, पदपथावरून सरळ आत पाऊल टाकता येईल अशी.

काही वर्षांपूर्वी पॅरिसला गेले होते, तेव्हा मुद्दाम ८४ नंबरची बस पकडली. 'एस'चा आकडा पुढे तोच झाला. बस सपाट तळाची होती. पाँतेऑंच्या स्टॉपवर चाकाच्या खुर्चीतली एक बाई, कुणाची मदत न घेता, सहज उतरली. तेव्हा मी उघड्या पडवीसाठी हळहळत होते, आणि त्या बाईकडे माझं नीट लक्षही गेलं नव्हतं. धावत्या बसच्या पडवीत उडी मारून चढायला गुडघे धड असावे लागतात, हे आता माझ्या आईचे गुडघे मला रोज सांगतात.

अनुवादात मी 'पडवी'च ठेवली आहे. तळटीप दिलेली नाही. क्नोचा तरुण तिथे भांडतो, बसायला जागा मिळवतो, हसवतो. ते हसू मला मोडायचं नाही. पण मोठ्यानं वाचताना त्या शब्दाशी मी क्षणभर थांबते.