‘जरा स्वस्थ बस ना!’

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. ते ऐकलं की माझी बोटं हमखास जास्तच वळवळतात. अ‍ॅथेटॉइड सेरेब्रल पाल्सीची खोडच तशी आहे. मनगट हळूहळू पिळवटतं, बोटं पसरतात, जबडा एकीकडे ओढला जातो. चहाचा कप उचलायचा म्हटलं की हालचाल वाढते, कुणी टक लावून पाहिलं तर विचारूच नका. गाढ झोपेत सगळं शांत होतं म्हणे. ते फक्त आईने पाहिलंय.

नेरूळ स्टेशनवर ‘सकाळीच टाकून आलाय’ ही कुजबुज आता सवयीची झालीय. खिडकीवर तिकीट मागताना माझं वाक्य मागचा माणूस पुरं करतो, आणि बहुतेकदा चुकीचं! इंडिकेटर वाचणं हाही एक उद्योगच. माझे डोळे वर वळत नाहीत, म्हणून अख्खी मान मागे टाकावी लागते आणि मग तोल जातो. बारीक, वरच्या पट्टीतले आवाजही कानातून निसटतात.

या सगळ्याचं मूळ एकच, जन्मानंतरची कावीळ. रक्तात बिलिरुबिन फार वाढलं की ते मेंदूत शिरतं आणि हालचालींवर ताबा ठेवणारा बेसल गँग्लिया हा भाग, ऐकण्याची यंत्रणा, डोळ्यांची हालचाल यांना इजा करतं. बुद्धी बरेचदा शाबूत राहते, पण माझं तोंड बघून ते कुणाला खरं वाटत नाही.

महापालिकेच्या वाशीतल्या ईटीसी या दिव्यांगांसाठीच्या केंद्रात मात्र मला आधी ‘तुला काय करायचंय?’ असं विचारलं गेलं. कोपर टेबलावर घट्ट रोवलं की हात थोडा ऐकतो, हे तिथेच शिकलो. कप अर्धाच भरायचा, त्यात स्ट्रॉ. पुढे बी. कॉम.चे पेपर लेखनिकाकडून लिहून घेतले. तासाला 20 मिनिटं जादा मिळायची, पण अडखळत्या जिभेने ताळेबंद सांगायचा तर तीही कमीच पडायची.

मी पिवळा पडलो तेव्हा प्रसूतिगृहात आईला सांगितलं होतं, ‘कोवळ्या उन्हात धरा, उतरेल.’ उन्हात तथ्य आहेच. 1950च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात नेत. त्यांचा पिवळेपणा ओसरलेला दिसला आणि त्यातूनच निळ्या दिव्यांखालची फोटोथेरपी आली. पण चढत्या काविळीला खिडकीतलं ऊन पुरत नाही. दिवेच लागतात, वेळ पडली तर बाळाचं रक्तही बदलावं लागतं.

म्हणून तुमच्या घरात बाळ आलं तर एवढं करा. पहिल्या 24 तासांतच पिवळं दिसलं, तळहात-तळपाय पिवळे झाले, दूध ओढेनासं झालं किंवा सुस्त पडून राहिलं, तर बिलिरुबिन त्याच दिवशी तपासून घ्या. आईचा रक्तगट ‘ओ’ किंवा निगेटिव्ह असेल, तर घरी सोडण्याआधीच डॉक्टरांना काविळीबद्दल विचारा.