मनगटावरील हिशेब

समुद्राची भीती आपल्या कोळीबांधवांना ठाऊक आहे. वारा, लाट, खडक, भोवरा ही सारी संकटे पाण्यातली. पण पाण्यातून सुखरूप वर आलेला, अंग पुसून पोटभर जेवलेला आणि डोंगर चढून घराकडे निघालेला मनुष्य त्या समुद्रामुळेच वाटेत आजारी पडू शकतो, हे मला गतवर्षीपर्यंत ठाऊक नव्हते. ते ज्या रीतीने ठाऊक झाले, ती हकिगत वाचकांना सांगावीशी वाटते. कारण आपल्याही घरांतील मुले आता गोव्याला व मालवणला पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पाण्याखाली उतरू लागली आहेत.

नाताळानंतर चार दिवस मी हैदराबादला माझ्या धाकट्या बहिणीकडे राहिलो होतो. त्या शहरापासून समुद्र शेकडो कोस दूर. तरी तेथील तरुण पोहण्याच्या तलावात स्कूबाचे पहिले धडे घेतात आणि सुटी मिळताच पश्चिम किनारा गाठतात. माझा भाचा त्यांच्यापैकीच एक. तो आपल्या मित्रासह मोटारीने मालवणला गेला होता. सोमवारी पहाटे दोघे परत आले, तेव्हा मित्र डावे कोपर उजव्या हाताने धरून बसला. रात्री आंबोलीचा घाट चढताना दुखणे सुरू झाले होते. नळकांडी उचलताना हात लचकला असेल, असे म्हणून बहिणीने तेल गरम करून आणले. परंतु चोळल्याने दुखणे कमी होईना, दाबल्याने वाढेना. ते सांध्याच्या आत कोठेतरी खोल होते. बोटांनाही मुंग्या येत होत्या.

भाच्याने आपल्या शिक्षकाला दूरध्वनी केला. पलीकडून दोन प्रश्न आले. “दोन बुड्यांच्या मध्ये तो किती वेळ पाण्याबाहेर होता?” आणि “घड्याळ कोणाचे होते?” दुसरा प्रश्न ऐकताच भाच्याचा चेहरा पांढरा पडला.

हे घड्याळ म्हणजे ज्याला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात ते मनगटी यंत्र. त्याचे काम समजण्यासाठी आधी शरीरात काय घडते ते पाहिले पाहिजे. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत सुमारे चार पंचमांश भाग नायट्रोजन असतो. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो आणि त्या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात व मांसात अधिक विरघळू लागतो. वर येताना तो सावकाश बाहेर पडला तर बाधा होत नाही. मात्र घाई झाली की सोड्याच्या बाटलीचे बूच उडाल्यावर जसे होते तसेच अंगात होते. बुडबुडे निघतात, आणि ते सांध्यात, मज्जारज्जूत, क्वचित मेंदूतही इजा करतात. या दुखण्याचे मूळ नायट्रोजनच्या बुडबुड्यांत आहे, हे फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ साली दाखवून दिले.

पुढे इंग्लंडमध्ये हाल्डेन यांनी बोकडांना दाबाच्या कोठीत ठेवून प्रयोग केले व १९०८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी ओळखले की शरीराचे सर्व भाग सारख्या वेगाने भरत नाहीत आणि रितेही होत नाहीत. बारीक व मोठ्या भोकांची मडकी पाण्यात बुडवावीत, तसा हा प्रकार. हाल्डेन यांनी अशी पाच मडकी कल्पिली. त्यातील सर्वांत चपळ मडके पाच मिनिटांत अर्धे भरणारे, तर सर्वांत मंद पंचाहत्तर मिनिटांत. झुरिकच्या ब्यूलमान यांनी पुढे ही संख्या सोळापर्यंत नेली. त्यांच्या सर्वांत मंद मडक्याला अर्धे भरण्यास ६३५ मिनिटे, म्हणजे साडेदहा तासांहून अधिक काळ लागतो.

पूर्वी हा हिशेब छापील कोष्टकांवरून करीत. १९८३ च्या सुमारास तो करणारी विद्युत्‌यंत्रे बाजारात आली. यंत्रात मुख्यतः दोन गोष्टी असतात, पाण्याचा दाब मोजणारे साधन आणि घड्याळ. दाबावरून खोली कळते, घड्याळावरून वेळ कळतो. आणि त्या दोहोंवरून प्रत्येक मडके किती भरले याचे गणित दर काही सेकंदांनी चालू असते.

पण त्याचे खरे काम बुडणारा वर आल्यावरही थांबत नाही. पृष्ठभागापासून सुमारे मीटरभरात आले की यंत्र बुडी संपली असे धरते व वरचा काळ मोजू लागते. लगेच काही मिनिटांत पुन्हा खाली गेल्यास अनेक यंत्रे ती जुनीच बुडी समजतात. आपण नावेवर चहा पीत असतो, गप्पा मारीत असतो. त्या वेळी मनगटावर मडकी रिती होत असतात. पाच मिनिटांचे मडके अर्ध्या तासात जवळजवळ मोकळे होते. परंतु दोन तासांच्या मडक्यात तासाभरानेही जादा नायट्रोजनचा सात-दशांश भाग उरलेला असतो. हा उरलेला भाग दुसऱ्या बुडीच्या खात्यावर मांडून यंत्र तितका वेळ कमी देते. वरचा काळ आपल्याला रिकामा वाटला तरी शरीराच्या दृष्टीने बुडी अजून संपलेली नसते.

आता त्या दिवशी काय घडले ते पाहा. सकाळी मित्र भाड्याचे यंत्र बांधून अठरा मीटरवर पन्नास मिनिटे होता. भाच्याचा कान दुखत असल्याने तो नावेवरच राहिला. तासाभराने दुसऱ्या बुडीची वेळ आली, तेव्हा भाड्याच्या यंत्राची बॅटरी संपत आलेली दिसली. “माझे घे,” असे म्हणून भाच्याने आपले घड्याळ मित्राच्या मनगटाला बांधले. ते घड्याळ दोन दिवसांत पाण्यात गेलेच नव्हते. त्याच्या लेखी हा मनुष्य कोरा होता. अठरा मीटरवर नव्याने उतरणाऱ्याला पुष्कळांच्या वापरातील एका कोष्टकाप्रमाणे ५६ मिनिटे मिळतात. सकाळचे पन्नास मिनिटे व मधला एक तास धरला असता, तर साधारण अर्ध्या तासाहून थोडीच अधिक मिळाली असती. मित्र पुन्हा पन्नास मिनिटे राहिला. यंत्राने इशारा दिला नाही. ते बिघडलेले नव्हते. फक्त ज्याचा हिशेब त्याच्यापाशी होता तो मनुष्य नावेवर बसला होता.

वर आल्यावर त्याच घड्याळावर विमानाचे चित्र उमटले होते. म्हणजे इतक्यात विमानात बसू नये. दोघांनी ते पाहिले आणि हसून म्हटले, आपण तर मोटारीने जाणार! एका बुडीनंतर निदान बारा तास व अनेक बुड्यांनंतर निदान अठरा तास विमानप्रवास टाळावा, असा जाणकारांचा सल्ला आहे. पण विमानातील धोका विमानाचा नसून उंचीचा असतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे आठ टक्के कमी. हैदराबाद शहरच सुमारे ५४० मीटरवर. बाटलीचे बूच समुद्रात सैल झाले होते, घाटाने ते आणखी उघडले.

मित्राला तातडीने रुग्णालयात नेले. प्रथम प्राणवायू दिला, नंतर दाबाच्या कोठीत काही तास ठेवले, म्हणजे बुडबुडे आकुंचन पावून पुन्हा विरघळावेत. दुसऱ्या दिवशी ते उपचार पुन्हा झाले आणि हात पूर्ववत झाला. अधिक उशीर झाला असता तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

त्या रात्री भाचा माझ्याजवळ येऊन बसला. “मामा, मी त्याला मदतच करीत होतो ना?” तो म्हणाला. मी त्याला दोष दिला नाही. वस्तू वाटून घ्यावी, असेच आपण मुलांना लहानपणापासून शिकवितो. दोरी वाटून घेता येते, होडी वाटून घेता येते. पण जी वस्तू एका माणसाच्या देहाचा जमाखर्च ठेवते, ती त्या दिवसापुरती तरी त्याचीच असली पाहिजे. शिवाय ते यंत्र देह पाहत नाही. धरणाऱ्याचे वय, थकवा, झोप, पाणी कमी प्यायल्याची स्थिती यांतले काही त्याला कळत नाही. त्याला कळतो फक्त पाण्याचा दाब व वेळ. बाकीचे माणसानेच सांभाळायचे.

तेव्हा, ज्यांची मुले पाण्याखाली उतरतात त्यांनी त्यांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. घड्याळ तुझेच होते का? मध्ये किती वेळ वर होतास? आणि घाट कधी चढणार?

आम्ही बोलत होतो तेव्हा ते घड्याळ टेबलावर पडले होते. विमानाचे चित्र अजून गेले नव्हते, आकडे एकेक मिनिटाने उतरत होते. ज्याच्यासाठी ते मोजीत होते, तो रुग्णालयात निजला होता. भाच्याने ते उचलले, क्षणभर पाहिले आणि मनगटाला न बांधता खाली ठेवले.