उघडलेले बॉनेट
मुंबईत जुन्या मोटारींच्या मेळाव्यास प्रथम गेलो, तेव्हा लवकरच कंटाळलो. चकचकीत गाड्या दोरीपलीकडे उभ्या होत्या आणि मालक केवळ किमती सांगत होते. पुढच्या खेपेस वडिलांना सोबत नेले. त्यांची सारी उमेद कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात गेलेली. हे कळताच एका पद्मिनीच्या मालकाने बॉनेट उघडले, 1089 सीसीचे इंजिन दाखवले आणि कार्ब्युरेटरची तक्रार त्यांच्यापुढे मांडली. ऐंशी ओलांडलेले वडील तासभर बोलत राहिले. आईच्या निधनानंतर इतके ते माझ्याशीही बोलले नव्हते; मीही काही विचारले नव्हते. मेळावा रंगतो तो अशा विचारपुशीने. धर्मग्रामाच्या मेळाव्यात वृद्धांना आम्ही पुढच्या खुर्च्या देतो. प्रश्न मात्र विचारीत नाही.