लोकांचा कौल

कोंकणांत देवाला कौल लावण्याची चाल जुनी आहे. मूर्तीस फुलें लाविलीं, कीं मंडळी श्वास रोधून बसतात; आणि फूल उजवें पडो वा डावें, मिळाला तो कौल मस्तकीं धरून घरीं परततात. न आवडलेला कौल झांकून ठेवण्याची सोय तेथें नाहीं. आम्ही नागोठणेकर लोकसत्तेचा विचार करूं लागलों, म्हणजे आम्हांस ही चाल हटकून आठवते.

स्वित्झर्लंडांत ५०,००० नागरिकांनीं १०० दिवसांत सह्या दिल्या, तर कायदेमंडळानें केलेला कायदा जनतेच्या मतास टाकावा लागतो. १८ महिन्यांत १,००,००० सह्या जमविल्यास राज्यघटनेंत दुरुस्ती सुचविण्याचाहि हक्क तेथील प्रजेस आहे. आपल्या घटनेंत असा सर्वसाधारण हक्क नाहीं. तथापि कौल घेण्याचे प्रसंग आपल्याकडेहि आले आहेत.

गोमंतकानें महाराष्ट्रांत विलीन व्हावें कीं वेगळें राहावें, हें १६ जानेवारी १९६७ रोजीं तेथील मतदारांस विचारण्यांत आलें. विलीनीकरणास फूल व वेगळेपणास दोन पानें, अशीं चिन्हें होतीं. ३४,०२१ मतांच्या आधिक्यानें पानें जिंकलीं. महाराष्ट्रांतील पुष्कळांस तें रुचलें नाहीं. पण कौल जाहीर झाला व पाळला गेला.

आमच्या शेजारच्या पेण तालुक्याची गोष्ट निराळी. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रास जमिनी द्याव्या कीं नाहीं, हें हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रांतील २२ गांवांच्या शेतकऱ्यांस २१ सप्टेंबर २००८ रोजीं सरकारनेंच विचारलें. धरणाचें पाणी ज्या भातखाचरांस मिळावयाचें, तींच खाचरें जावयाचीं होतीं. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या वृद्ध पुढाऱ्यांनीं त्यासाठीं लढा दिला होता. मतें पडलीं, परंतु निकाल सरकारनें जाहीर केला नाहीं. प्रकल्प पुढें बारगळला व जमिनी वांचल्या. तरी ज्यास प्रश्न विचारला त्याचें उत्तर ऐकूं न देणें, हा त्याचा अपमानच होय.

प्रजेनें स्वतः मागून घ्यावा असा एक कौल मात्र महाराष्ट्रांत आहे. दारूचें दुकान बंद व्हावें म्हणून गांवांतील वा प्रभागांतील २५ टक्के स्त्री-मतदारांनीं अर्ज केल्यास गुप्त मतदान घेतां येतें. उभी बाटली म्हणजे दुकान राहावें, आडवी म्हणजे जावें. परंतु यादींतील निम्म्याहून अधिक मतें आडव्या बाटलीस पडावीं लागतात. आलेल्यांपैकीं निम्मीं पुरत नाहींत. म्हणजे जी बाई स्वयंपाकाच्या गडबडींत घरींच राहिली, तिचें मत तिला न विचारतां उभ्या बाटलीच्या पदरीं पडतें.

सामान्यांस कायद्यांतलें काय कळतें, असें ओसरीवरील वडीलधारी मंडळी म्हणतात. नवऱ्याची मजुरी गुत्त्यांत गेली म्हणजे घरची चूल कां पेटत नाहीं, हें त्या घरच्या बाईस जितकें कळतें, तितकें कोणत्या वकिलास कळणार?

आमच्या वाचकांची घरें मोठीं, माणसें पुष्कळ, आणि सुनांस मतास जाण्यापूर्वीं दोन पंक्ती वाढाव्या लागतात. असा दिवस आपल्या गांवीं आला, तर सासूबाईंनीं सकाळींच सुनांस बरोबर घेऊन निघावें. पुरुष मंडळींनीं एक दिवस उशिरां जेवावें. मत कोणास द्यावें, हें मात्र वाटेंत कोणीं विचारूं नये.