आबालालांची पंचगंगा

कोल्हापुरात पंचगंगा फुटांत मोजतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर नदी म्हटले की आम्हां मुलांना हे आकडेच आठवतात. पूर ओसरला की तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. मग जलपर्णी माजते, कधी मेलेले मासे तरंगतात.

म्हणूनच आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांपुढे मन थबकते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा कलावंत कोल्हापुरास परतला. शाहू महाराजांचा त्यास आश्रय लाभला. १९३१ साली मृत्यू येईपर्यंत पंचगंगा, रंकाळा, कोटितीर्थ हेच पाणी तो पुन:पुन्हा रंगवीत राहिला. १९२२ साली महाराज निवर्तले तेव्हा शोकाने त्याने आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थात सोडली, असे सांगतात.

जे उरले त्यात पुराचा थरार नाही. रोजचा काठ, झाडे आणि पाण्यावर उतरलेला उजेड, एवढेच! पण इतके निरखून पाहायला माणसाचे त्या पाण्याशी नाते असावे लागते. आपले ते उरले आहे काय? नदी धोक्याच्या रेषेखाली असते तेव्हाही तिच्याकडे पाहिले पाहिजे, एवढे मात्र मी या चित्रांकडून शिकलो.